छाननीच्या टेबलावर डॉक्टरांचा राजीनामा

३० ऑक्टोबर २०२४. विधानसभेच्या अर्जांची छाननी. निर्णय प्रांतसाहेबांचा, कारण निवडणूक निर्णय अधिकारी तेच. निवडणूक शाखेचा नायब तहसीलदार म्हणून माझं काम कागद क्रमाने पुढे करायचं. सकाळी अकराला सुरू झालेलं काम एका अपक्षाच्या अर्जापाशी येऊन अडलं. उमेदवार प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, म्हणजे परवापर्यंतचे. वाद नेमका त्या ‘परवा’वरच झाला.

समोरच्या उमेदवाराचे वकील उभे राहिले. “राजीनामा दिलाय, पण मंजूर कुठे झालाय? सोमवारची ओपीडी यांनीच काढली. केसपेपरवर सह्या आहेत.”

आक्षेप फालतू नव्हता. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ प्रमाणे सरकारी लाभाचं पद धारण करणारा आमदारकीला अपात्र ठरतो. दीर्घ रजा टाकली, पगार थांबला, तरी पद जात नाही. नुसता राजीनामा आवक शाखेत देऊनही जात नाही. तो सक्षम प्राधिकाऱ्याने मंजूर करावा लागतो. गट-अ च्या वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक शासनाची, त्यामुळे फाईल तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, उपसंचालक अशी चढत चढत वर जाते. वाटेत कुणी विभागीय चौकशी नाही ना, येणी बाकी नाहीत ना, असं विचारलं की आठवडे जातात. आचारसंहिता लागल्यावर राजीनामा लिहायला बसणाऱ्याचं गणित इथेच चुकतं.

मात्र तारीख कोणती धरायची, हे वकिलांनी सोयीने सोडून दिलं होतं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम ३६ छाननीचा दिवस धरतं. अर्ज भरण्याचाही नाही, मग सोमवारचा तर नाहीच. डॉक्टरांनी दोन कागद काढले: २८ तारखेचा मंजुरी आदेश आणि त्याच दिवशी दुपारनंतर कार्यमुक्त केल्याचा आदेश. सोबत पदभार दिल्याची यादी होती: औषधसाठा, जडवस्तू नोंदवही, शवविच्छेदनाची नोंदवही, रुग्ण कल्याण समितीच्या बँक खात्यावरची सही बदलल्याचं पत्र. सकाळची ओपीडी कार्यमुक्तीच्या आधीची ठरली. साहेबांनी मूळ प्रती पाहिल्या आणि आक्षेप फेटाळला. आदेश हाती नसता तर उत्तर द्यायला १ नोव्हेंबरपर्यंत वेळ मिळाला असता, पण त्या मुदतीत निघालेला आदेश उपयोगी पडला नसता. पात्रता ३० तारखेचीच बघायची.

वकिलांनी मग शपथपत्र उघडलं. त्याच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये, म्हणजे नमुना २६ मध्ये, एक रकाना सरकारी डॉक्टरांना हमखास नडतो: गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं का? वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचे दाखले लागतात, आणि तेही ठरावीक तारखेनंतरचे. या निवडणुकीला ३१ जुलै किंवा त्यापुढचे. जिल्हा परिषदेचं क्वार्टर सरकारी धरायचं की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा दाखले आणलेले बरे. डॉक्टरांनी विजेचा महावितरणकडून, पाण्याचा ग्रामपंचायतीकडून आणला होता. टेलिफोन कधी नव्हताच, तर रकाना कोरा न ठेवता ‘लागू नाही’ लिहिलं होतं. कोरा रकाना हे अर्ज बाद होण्याचं सगळ्यात स्वस्त कारण आहे, आणि शिकलेली माणसंच तो जास्त सोडतात.

खरी गोची सूचकांपाशी, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांपाशी, निघाली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, सगळे त्याच मतदारसंघातले मतदार. डॉक्टरांचे सूचक म्हणजे त्यांचे पेशंट. एकाचा यादीतला अनुक्रमांक चुकला होता. ती लेखनातली चूक, तिच्यावर अर्ज जात नाही. पण एका आजीबाईंनी अंगठा घरीच उठवला होता. अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यासमोर उठवून साक्षांकित व्हावा लागतो. तो नाही, म्हणजे सूचक उरले नऊ. अर्जाचा पहिला संच अवैध.

खोलीत कुजबुज झाली. डॉक्टर मात्र शांत होते, कारण दुसरा संच होता. चार संचांपर्यंत अर्ज भरता येतात आणि सगळ्यांना मिळून अनामत एकच, १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००). दुसऱ्या संचात दहाही सूचक वेगळे आणि सगळे सही करणारे. एक संच वैध ठरला की उमेदवारी वैध. अपक्षाने दहाच सूचकांच्या भरवशावर राहू नये, हे मी प्रत्येकाला टेबलावर सांगतो, ऐकणारे थोडेच.

साहेबांनी कारणांसह आदेश लिहिला. पहिला संच का नाकारला, आक्षेप का फेटाळला, दोन्ही त्यात आलं. वकिलांनी प्रमाणित प्रत मागितली आणि आजच कोर्टात जातो म्हणाले. मी प्रत दिली, सोबत कायदाही सांगितला: अनुच्छेद ३२९ मुळे निवडणूक सुरू असताना मध्ये कोर्ट येत नाही. निकाल लागल्यावर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची. त्यांनी प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या अर्जाचा पुकारा झाला.