थ्रॉटल सोडल्यावर

"तीनशे हॉर्सपॉवरचंच हवं," गृहस्थांनी आल्या आल्या सांगून टाकलं. सोबत पत्नी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा. मी वजनकाटा पुढे सरकवला.

नवी जेट स्की घ्यायला आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी काट्यावर उभं करतात. (जेट स्की हे खरं तर कावासाकीच्या मशीनचं नाव. यामाहाची ती वेव्हरनर, शिवाय सी-डू वेगळी. पण बोलताना सगळ्यांनाच जेट स्की म्हणतात, मीही म्हणतो.) वडील ९४ किलो, आई ७१, मुलगा ६६. बेरीज २३१. ओले कपडे आणि लाइफ जॅकेटं धरली की २४० च्या आसपास. धक्क्याला तीन मशीनं लावून ठेवली होती. पहिलं हलकं, ९० हॉर्सपॉवरचं. कोरडं (पेट्रोलशिवायचं) वजन जेमतेम १९० किलो आणि टाकी ३० लिटरची. त्यावर तीन सीट असल्या तरी भाराची मर्यादा २०५ किलो. म्हणजे तिघांसाठी ते काट्यावरच बाद झालं. सीटची संख्या आणि भाराची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मॅन्युअलमध्ये पहिल्या काही पानांतच असतं आणि ते कोणी वाचत नाही.

दुसरं मशीन मधलं. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) नसलेलं १.८ लिटरचं इंजिन, टाकी ७० लिटर, कोरडं वजन साडेतीनशेच्या आत. तिसरं त्यांचं लाडकं, सुपरचार्जरचं, ३०० हॉर्सपॉवर. टाकी भरून उभं केलं की साडेचारशे किलोच्या वर.

मी म्हटलं, "इंजिन चालू करायच्या आधी बंद मशीनवर अर्धा तास काढू."

गृहस्थांना ते पटलं नाही, पण वहिनी लगेच पाण्यात उतरल्या. जेट स्कीवर पाण्यातून चढायचं ते नेहमी मागून, आणि इंजिन बंद करूनच. मागच्या नोझलमधून निघणारा पाण्याचा झोत शरीराला आतपर्यंत गंभीर इजा करू शकतो. मागे बसणाऱ्याने वेटसूटची पँट घालावी असं उत्पादक लिहितात ते याचसाठी. नुसती पोहण्याची चड्डी पुरत नाही. शिवाय खालच्या जाळीतून पंप पाणी ओढत असतो. त्यात मोकळे केस, लोंबणारा पट्टा काहीही जाऊ शकतं.

मोठ्या मशीनचा मागचा कट्टा पाण्यापासून बराच उंच. वहिनींनी सीटचा पट्टा धरला, कोपर टेकवलं, अंग वर खेचलं आणि अडकल्या. कुठे अडकल्या ते बघण्यासारखं होतं. जॅकेटची खालची कड कट्ट्याच्या काठाला अडली. त्या वर जायला बघत होत्या आणि जॅकेट कानापर्यंत सरकत होतं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा हेच. जॅकेटचे पट्टे खालून वर असे क्रमाने आवळले, घडीची पायरी खाली पाडली, तिच्यावर आधी एक गुडघा, मग दुसरा. चौथ्या वेळी त्या वर आल्या. मधल्या मशीनवर पायरीसह पहिल्याच खेपेला. हलक्यावर कट्टा खाली असल्यामुळे चढणं सोपं, पण त्या चढताच ते एका अंगाला इतकं कललं की आधीपासून बसलेला मुलगा पाण्यात.

पायरी बऱ्याच मॉडेलमध्ये जादा पैसे देऊन घ्यावी लागते. स्पीकर आणि रंगीत सीट घेऊन पायरी वगळणारे लोक मी दर हंगामात बघतो.

मग मशीन उलटं करून सुलटं करायचं. हे हलक्या मशीनवरच केलं. उलटल्यावर इंजिन बंद आहे ना ते बघायचं, लॅनयार्ड (सुटली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला असेल तर ते निघालेलं असतंच. मागच्या बाजूला एक स्टिकर उलटा चिकटवलेला असतो, मशीन उलटल्यावर वाचता यावा म्हणून. त्यावरच्या बाणाच्या दिशेनेच फिरवायचं. दुसऱ्या बाजूने फिरवलं तर एक्झॉस्टमध्ये साठलेलं पाणी इंजिनात उतरतं, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

अकराच्या सुमाराला इंजिनं चालू झाली. दोन बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) चाळीसेक मीटर अंतरावर टाकले होते. काम एवढंच: ताशी ५० च्या वेगाने सरळ यायचं, पहिल्या बोयाला वळसा घालून परतायचं. वडील पुढे, मुलगा मागे, मोठं मशीन. मी धक्क्यावरून स्पष्ट सांगितलं होतं की वळताना थ्रॉटल सोडायचा नाही. जेट स्कीला सुकाणू नसतं. हँडल फिरवलं की मागचं नोझल फिरतं आणि त्यातून निघणारा झोत मशीनला वळवतो. झोत नाही तर वळण नाही. डाव्या हाताला ब्रेकचा लिव्हर आहे. तो दाबला की नोझलमागे एक बकेट खाली येते आणि झोत पुढे वळवते. सी-डूने ही सोय २००९ च्या मॉडेलांत आणली, आता बाकीच्यांकडेही तशी यंत्रणा मिळते. पण तीसुद्धा झोतावरच चालते.

हे सगळं कळलेलं असतं. तरी बोया जवळ आला की माणूस तेच करतो जे गाडीत करतो: आधी वेग कमी, मग वळण. गृहस्थांनी थ्रॉटल सोडला, हँडल पूर्ण डावीकडे फिरवलं, आणि साडेचारशे किलोचं मशीन वर दोन माणसं घेऊन नाकासमोर सरळ बोयावर गेलं. एक ठक्क आवाज आला आणि इंजिन बंद.

बोयाची दोरी पंपात गेली होती. आता यात आमचीही चूक होती. ती दोरी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे तरंगणारी; सैल झाली की पाण्यावर वेटोळं करून पडून राहते. नायलॉनची बुडते. सरावाच्या बोयाला बुडणारी दोरी आणि वर एखादं वजन लावायला हवं होतं. दुसरी गोष्ट, थ्रॉटल सोडला म्हणजे पंप थांबला असं नसतं. या मशीनला क्लच नसतो. इंजिन चालू आहे तोवर इम्पेलर, म्हणजे पंपातला पात्यांचा पंखा, फिरतच राहतो. 'न्यूट्रल' म्हणतात ती फक्त बकेटची मधली जागा: झोत अर्धा पुढे, अर्धा मागे, म्हणून मशीन जागेवर राहतं. आत ओढणं चालूच.

बोयाच्या तळाला काँक्रीटचं वजन होतं, त्यामुळे मशीन आपल्याच पंपाने नांगरलं गेलं. वडिलांनी पुन्हा स्टार्टर दाबला. मी ओरडून थांबवलं. दोरी गुंडाळलेली असताना दाबत राहिलं तर ती आणखी घट्ट बसते, शाफ्टचा सील सोलवटतो. हलकं मशीन घेऊन गेलो, दोन्ही मशीनांची लॅनयार्ड काढली, आणि हलखालची (मशीनच्या तळाखालची) ताणलेली दोरी जॅकेटला लावलेल्या सुरीने कापली. मग ओढून आणलं, तेही ताशी आठ किलोमीटरच्या आत. बंद मशीन वेगाने ओढलं की पुढून घुसणारं पाणी पंपातून कूलिंगच्या नळीत शिरतं आणि एक्झॉस्टमार्गे इंजिन भरतं. बंद पडलेलं मशीन चांगलं असतं, ओढून आणताना ते बिघडवलं जातं, असं प्रत्यक्षात फार वेळा होतं.

ट्रेलरवर घेतल्यावर मागचे दोन ड्रेन प्लग (पाणी सोडायची बुचं) काढले, बिल्जमधलं, म्हणजे मशीनच्या पोटात साठलेलं पाणी जाऊ दिलं. प्लग वहिनींच्या हातात दिले. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, स्पार्क प्लग काढले म्हणजे कॉम्प्रेशन अडत नाही आणि शाफ्ट हाताने फिरतो. खालच्या जाळीतून बघितलं तर निळ्या दोरीचे सहा-सात वेढे, शेवटचे दोन घासून वितळलेले, प्लास्टिकच्या एका कड्यासारखे झालेले. मुलाने मागून इम्पेलर उलटा फिरवायचा, मी खालून टोक ओढायचं. चार वेढे असे सुटले. वितळलेलं कडं हूकच्या ब्लेडने तुकडे करून काढलं. हातात जाड मोजे, कारण इम्पेलरच्या पात्याची कड बोट चिरते. पाऊण तास गेला.

काढल्यावर खरी तपासणी. इम्पेलरच्या पात्याचं टोक आणि भोवतीची वेअर रिंग यांच्यात नव्या मशीनला अर्धा मिलिमीटरही अंतर नसतं. वेळूची फट जशी वारा सोडते तसं हे अंतर वाढलं की पाणी मागे निसटतं. मग इंजिन गरगरतं, आरपीएम चढतात, मशीन पुढे सरकत नाही, क्लच घसरलेल्या मोटारसायकलसारखं. नख रिंगवरून फिरवलं तर दोन ठिकाणी अडकलं. वडिलांचं बोटही तिथे फिरवलं. या मशीनची रिंग प्लास्टिकची आणि बदलता येणारी होती, त्यामुळे काम तेवढ्यावर भागलं. काही मशीनांत स्टीलचं अस्तर असतं. ते वाळू जास्त सोसतं, पण खोल चरा पडला तर खर्च मोठा. वाळूच्या उथळ किनाऱ्यावरून सुरू करणारा असेल तर मी स्टीलकडे झुकतो. कसंही असलं तरी जाळीखाली किमान ९० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय स्टार्ट करायचं नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी खडे आत. काही नव्या मॉडेलांत पंप उलटा फिरवून कचरा बाहेर टाकायची सोय आली आहे. गवत आणि शेवाळ असेल तिथे ती उपयोगाची. अशा दोरीला ती पुरी पडेल असं मला वाटत नाही.

जेवण्याच्या सुटीत गृहस्थ गप्पच होते. मग त्यांनी पेट्रोलचं विचारलं, आणि मला वाटतं तिथून चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली. तीनशे हॉर्सपॉवर पूर्ण थ्रॉटलला तासाला ९० ते १०० लिटर खातं. ७० लिटरची टाकी पाऊण तासात संपली. मधलं मशीन पूर्ण थ्रॉटलला त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि आरामात फिरताना त्याच्याही निम्मं. पाण्यावर हिशेब तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक हातचा. हातचा हिस्सा बाजूला काढला की मोठ्या मशीनचं पूर्ण वेगातलं फिरणं अर्ध्या तासात येऊन बसतं. त्यात सुपरचार्जरला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आणि ठरावीक तासांनी तपासणी. १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलचं पेट्रोल बहुतेक मॅन्युअल वर्ज्य सांगतात.

मुलाला मागे ट्यूब ओढायची होती. त्याला तीन सीट लागतातच: चालवणारा, मागे तोंड करून ट्यूबवर लक्ष ठेवणारा, आणि ट्यूबवरच्याला परत आणायला रिकामी जागा. तीनशे हॉर्सपॉवरची त्याला काहीच गरज नाही.

कूलिंगवर मात्र मी जरा जास्त वेळ घेतला, कारण इंजिन लवकर जातात ती इथे. यामाहा आणि कावासाकीत बाहेरचंच पाणी इंजिनातून फिरतं. सी-डूत इंजिनात कूलंट बंद वर्तुळात फिरतो आणि हलखालच्या पट्टीतून थंड होतो. एक्झॉस्टला मात्र बाहेरचं पाणी लागतंच. म्हणजे खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं दोघांनाही चुकत नाही. क्रम उलटा झाला की मात्र संपलं. बरोबर क्रम असा: आधी इंजिन चालू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग दोन-तीनदा हलका थ्रॉटल देऊन आतलं पाणी बाहेर, मग इंजिन बंद. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जातं. मुलाकडून हे तीनदा करून घेतलं. दुसऱ्या वेळी त्याने आधी नळाला हात घातला, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "अरे, आधी इंजिन."

दुपारी तीनला पुन्हा तोच बोया, या वेळी बुडणारी दोरी. मधलं मशीन, हँडलवर वहिनी, मागे नवरा आणि मुलगा. पन्नासच्या वेगाने आल्या, थ्रॉटल चतुर्थांशावर आणला पण सोडला नाही, हँडल फिरवलं, मशीन कललं आणि बोया दीड मीटरवर ठेवून वळलं. पुढच्या फेरीला ब्रेक दाबून थांबल्या. थांबल्यावर तिघं एकाच बाजूला झुकले, मशीन बऱ्यापैकी कललं पण उलटलं नाही.

"हेच," गृहस्थ म्हणाले. वहिनींनी पायरी लावून मागितली.

कागदावर लिहून दिलं ते एवढं: पहिल्या दहा तासांत सलग पूर्ण थ्रॉटल नाही, अधूनमधून थोडा वेळ चालेल, दहा तासांनी पहिलं ऑइल आणि फिल्टर, प्रत्येक फेरीनंतर सीट काढून इंजिनाची जागा उघडी ठेवायची, पेट्रोलची वाफ आणि ओल दोन्ही जाते, स्टार्ट करण्यापूर्वी सीट उचलून वास घ्यायचा. पाण्याबाहेर, नळ न जोडता, इंजिन पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चालवायचं नाही. ट्रेलरसाठी वजनाची बेरीजही करून दिली: मशीन साडेतीनशे, पेट्रोल ५२ किलो, ट्रेलर दीडशेच्या आत, वर सामान. गाडीची ओढण्याची मर्यादा त्याच्या वर हवी.

चारच्या पुढे त्यांचं नवं मशीन पहिल्यांदा पाण्यात सोडायला ट्रेलर उतारावर मागे घेत होतो. धुऊन, पुसून, दोन्ही प्लग काढून पाणी झिरपू दिलेलं. चाकं पाण्याला लागली तेवढ्यात वहिनी ओरडल्या, "थांबा, थांबा!" मी ब्रेक मारला. त्या पाण्यात गुडघाभर उतरून मागे गेल्या, वाकून बघितलं आणि जॅकेटच्या खिशात हात घातला. दोन्ही प्लग तिथेच होते.