बोअरच्या पाण्यात न शिजणारी डाळ

रसायनशास्त्राच्या तृतीय वर्षाचे प्रकल्प ठरवताना ‘जलप्रदूषण : एक अभ्यास’ हे शीर्षक माझ्यापुढे दरवर्षी येतेच; यंदा एका विद्यार्थिनीने त्याला ‘महाराष्ट्रातील’ एवढे जोडून आणले होते. नमुने कुठून आणणार आणि त्यांत नेमके काय मोजणार, या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून घरी कोणते पाणी वापरता, असे विचारले.

“बोअरचं, सर. पण त्यात डाळ शिजत नाही, म्हणून आजी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवते.”

शीर्षकावर मी तिथेच काट मारली. बेसाल्टमधून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, आणि त्यांतले कॅल्शियम डाळीतील पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधत असल्याने दाणा मऊ पडत नाही. दोन्ही पाण्यांतले हे क्षार मोजण्यासाठी, त्यांना पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाने अनुमापन करायचे, पाण्यात घातलेल्या सूचकाचा तांबूस रंग निळा झाला की ब्युरेट या मोजनळीवरचा आकडा टिपायचा आणि मग घड्याळ लावून डाळ शिजवायची, अशी मांडणी तिने स्वतःच केली.

“आजी डाळीत सोडा घालते का?”

“चिमूटभर घालते.”

इथे मांडणी अडली. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्याने डाळ लवकर शिजते. आणि बायकार्बोनेट भूजलातही असतेच. शिवाय पाणी उकळले की त्यातले काही कॅल्शियम कार्बोनेट होऊन पातेल्याच्या बुडाशी पांढऱ्या थराच्या रूपात बसते. म्हणजे नळाचे व बोअरचे पाणी नुसते शेजारी ठेवले, तर फरक दिसेल, पण तो कशामुळे पडला हे कळणार नाही. त्यावर बराच खल झाल्यावर ऊर्ध्वपातित पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मोजून घालायचे आणि काठिण्य, म्हणजे अशा क्षारांचे प्रमाण, शून्यापासून 600 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत वाढवत न्यायचे ठरले. आयएस 10500 या भारतीय मानकात, पर्यायी स्रोत नसल्यास, पिण्याच्या पाण्यासाठी हीच कमाल मर्यादा आहे.

‘शिजली’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला. दोन काचपट्ट्यांमध्ये दाणा दाबल्यावर मधला कच्चा कण दिसू नये, ही कसोटी आम्ही धरली. जुनी डाळ मुळातच उशिरा शिजते, म्हणून सगळी डाळ एकाच पोत्यातली घ्यायची.

“सर, विषय फार लहान नाही ना होत?” तिने विचारले. मी अर्जावर ‘पाण्यातील कॅल्शियमचा तूरडाळ शिजण्याच्या वेळेवर होणारा परिणाम’ असे लिहून सही केली आणि बोअरचे पाणी शेवटच्या प्रकरणासाठी, तेही वेळ उरल्यास, राखून ठेवायला सांगितले.