तुम्ही विचारलंत म्हणून: हाकोनेला राहायचं की नुसतं जाऊन यायचं?

फेब्रुवारी संपत आला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर हा प्रश्न येतोच. चेरी ब्लॉसमची तिकिटं काढून झालेली असतात, टोकियो चार दिवस, क्योतो तीन दिवस, आणि मधे कुठेतरी एक दिवस मोकळा सापडलेला असतो, मग "तू तिकडेच असतेस ना, हाकोने एका दिवसात होतं का गं?" मी टोकियोत निशी-कासाईला राहते, अकरा वर्षं झाली, आणि हाकोनेला, म्हणजे टोकियोजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या डोंगराळ भागात, किती वेळा गेले ते मोजणं सोडून दिलंय कारण आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर जावं लागतं.

तर होतं का? होतं. शिंजुकूहून रोमान्सकार पकडायची (ट्रेनचं नाव आहे, सासऱ्यांसमोर सांगताना मलाही लाजल्यासारखं झालं होतं), दीड तासाच्या आत हाकोने-युमोतो, तिथून डोंगरातली छोटी ट्रेन, मग केबल कार, मग रोपवे, मग आशी तलावातली बोट, मग बस, आणि रात्री परत हॉटेलवर. फोटो सगळे मिळतात. फक्त ज्यासाठी जपानी माणूस तिकडे जातो तेच राहून जातं, म्हणजे गरम पाण्यात बसणं आणि नंतर काहीही न करणं.

म्हणून माझं उत्तर, राहा. एक रात्र तरी राहाच. आणि प्लॅन सकाळच्या ट्रेनपासून नका करू, संध्याकाळच्या जेवणापासून उलटा करत या.

हे मला कसं कळलं ते सांगते. पहिल्यांदा सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा आम्ही तो अख्खा गोल पहिल्याच दिवशी बसवला होता. त्या दिवशी वाऱ्यामुळे रोपवे बंद, त्याच्या बदली बस, बसला ही लाइन, आणि र्‍योकानला म्हणजे तिकडच्या पारंपरिक मुक्कामाच्या जागी पोचलो तेव्हा पावणेआठ वाजले होते. जेवणाची वेळ सहा किंवा साडेसहा. बुकिंगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, आम्हीच ते "साधारण" असं वाचलं. किचन आवरून झालेलं. काउंटरवरच्या बाई वाकून वाकून माफी मागतायत, आम्ही वाकून वाकून माफी मागतोय, आणि शेवटी रात्री खोलीत सासूबाईंच्या पर्समधली चिवड्याची पुडी चौघांत. र्‍योकानचा रेट खोलीचा नसतो हो, माणशी असतो, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून, त्यामुळे तो चिवडा आयुष्यातला सगळ्यात महाग चिवडा ठरला.

चेक-इन बहुतेक ठिकाणी तीनला असतं. तीन-चारपर्यंत पोचा. मग जेवणाआधी एक डुबकी, झोपायच्या आधी एक, सकाळी नाश्त्याआधी एक, एका रात्रीत तीन होतात. बऱ्याच ठिकाणी बायकांची आणि पुरुषांची बाजू सकाळी अदलाबदल करतात, म्हणून सकाळी दारावरचा पडदा नीट बघून आत शिरा, रात्रीच्या सवयीने जाऊ नका. आमच्याकडे एक काका शिरणार होते, थोडक्यात वाचले.

पहिल्या दिवशी मग करायचं काय, तर फक्त ती डोंगरातली ट्रेन. युमोतो ते गोरा, ८.९ किलोमीटरला चाळीस मिनिटं लागतात, १९१९ पासून चालू आहे. चढ इतका की गाडी तीन ठिकाणी थांबून उलट्या दिशेने निघते, ड्रायव्हर आणि गार्ड प्लॅटफॉर्मवरून चालत एकमेकांच्या जागी जातात. पूर्वी आपल्या खंडाळ्याच्या घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं ना, तसंच, फक्त हे अजून चालू आहे. ऑक्टोबर २०१९ च्या वादळात हाकोनेला एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस पडला, हा रूळ जागोजाग वाहून गेला, आणि पुढच्या जुलैत गाडी परत धावायला लागली. वाटेत ओपन एअर म्युझियम आहे, बाहेर हिरवळीवर शिल्पं आणि आत पिकासोचं वेगळं दालन, तिथे दोन तास आरामात जातात. बॅगा युमोतो स्टेशनवरच द्या, दुपारच्या आत दिल्या तर त्या परस्पर मुक्कामी पोचवतात, पैसे घेतात पण द्या. मोठी सूटकेस त्या ट्रेनमध्ये घेऊन चढलेली मंडळी बघितली की मला त्यांची आणि शेजारच्यांची दोघांचीही दया येते.

रोपवे, तलाव, पाण्यातली लाल तोरी (देवळाची कमान) वगैरे दुसऱ्या दिवशी सकाळी. रोपवे तसाही चार-पाचला बंद होतो, आणि वारा किंवा ज्वालामुखीचा गॅस वाढला तर कधीही बंद होतो, २०१५ मध्ये तर छोटा उद्रेकच झाला होता आणि तो भाग कितीतरी महिने बंद होता. दमा किंवा हार्टचा त्रास असेल त्यांनी ओवाकुदानीला, म्हणजे रोपवेच्या वाटेवरच्या त्या गंधकाच्या वाफांच्या स्टेशनवर, उतरूच नये, तिथे तशा पाट्याही आहेत. फुजी दिसेल का? डिसेंबर-जानेवारीत सकाळी चान्स चांगला, उन्हाळ्यात ढगच बघायचे. फुजीसाठी म्हणून हाकोनेचं बुकिंग करू नका, दिसला तर बोनस.

आता खरा प्रश्न, जो कोणी ग्रुपवर विचारत नाही, वेगळा मेसेज करतात. हो, कपडे काढूनच. स्विमसूट चालत नाही. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आधी छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ, केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. माझी मावशी आली होती, वय ६६, वज्रेश्वरीची कुंडं लहानपणापासून माहीत असलेली, त्यामुळे गरम पाण्याचं तिला काही अप्रूप नव्हतं. "गाऊन घालून चालेल का विचार की." नाही चालत गं. "मग मी बाहेर बसते, तू जा." मी म्हटलं मावशी, इथे कोणी कोणाला बघत नाही, सगळ्यांचे चष्मे लॉकरमध्ये आहेत. शेवटी आली. मंगळसूत्र काढून ठेवलं, जोडवी काही काढेना. बाहेरचं कुंड होतं, दुधासारखं पांढरं पाणी, काडेपेटीचा वास, एक जपानी आजी काठावर डोळे मिटून बसलेली. मावशी त्या पाण्यात गळ्यापर्यंत गेली आणि पाच मिनिटं एक शब्द बोलली नाही, जे आमच्या घराण्यात कधी झालेलं नाही. बाहेर येऊन बघते तर जोडवी काळीकुट्ट. ओवाकुदानीची ती प्रसिद्ध काळी अंडी असतात ना, एक खाल्लं की सात वर्षं आयुष्य वाढतं म्हणतात, त्यांचं कवच त्या पाण्यातल्या गंधकानेच काळं होतं, आणि चांदीचं पण तेच होतं. तर चांदी काढून ठेवा. दहा मिनिटांवर बसू नका, पाणी चाळीस-बेचाळीस डिग्री असतं, बीपीवाल्यांनी जपून. आणि इतकं करूनही नकोच वाटत असेल तर 'कशिकिरि' म्हणून असतं, पाऊण-एक तास कुंड तुमच्या एकट्या कुटुंबाला, ते बुकिंग करतानाच विचारा.

पांढरं पाणी हवं असेल तर गोरा किंवा सेंगोकुहारा बघा, तेही त्या र्‍योकानला कोणतं पाणी आहे ते विचारून, सगळीकडे नसतं. युमोतोचं पाणी स्वच्छ पारदर्शक, वास नाही, पण स्टेशन जवळ. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर युमोतो आणि पलंगाची खोली, तातामीवरून म्हणजे जमिनीवरच्या चटईवरून उठणं-बसणं दिवसातून वीस वेळा होतं.

जेवणाचं जरा सविस्तर. "व्हेज" एवढं लिहून भागत नाही. समोरचा मांस काढेल, पण सूप आणि भाज्या सगळं दाशीत शिजतं आणि दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी. मांस नाही, मासे नाहीत, माशाची दाशी पण नाही, अंडं-दूध चालेल की नाही, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, तिथे पोचून सांगितलं तर ते बिचारे रडकुंडीला येतात. काही छोट्या जागा सरळ जमणार नाही म्हणतात, मला तेच बरं वाटतं, निदान प्लेटमध्ये काय आलंय हे ओळखत बसायला नको. अशा वेळी 'सुदोमारी' घ्या, म्हणजे जेवणाशिवाय मुक्काम, आणि थेपले, मेतकूट बरोबर ठेवा, कारण गोरासारख्या ठिकाणी हॉटेलं संध्याकाळी लवकर बंद होतात. टोफू लिहिलंय म्हणून पण ऑर्डर करू नका. गोराला टोफू कात्सु फेमस आहे, त्यात पोर्कचा खिमा असतो. मला कसं माहीत ते विचारू नका, जैन मैत्रीण अजून बोलते माझ्याशी एवढं पुरे.

राहता राहिला महिना. जूनच्या मध्यापासून ट्रेनच्या दोन्ही बाजूंनी हायड्रेंजिया फुलतात, पाऊस असतो पण कुंडात बसून पाऊस बघण्यासारखं सुख नाही. २ आणि ३ जानेवारीला चुकूनही नको, कॉलेजच्या मुलांची मोठी रिले शर्यत असते, रस्ते बंद आणि सगळीकडे गर्दी. शनिवारी तीच खोली बरीच महाग पडते, मंगळवार-बुधवार बघा. मांस-मासे-दाशी नको हे सांगणारं जपानी वाक्य मी टाइप करून ठेवलंय, मागाल तेव्हा पाठवते, पण तारखा पाठवताना वार बघून पाठवा.