टीव्हीचा डीएनएस वळला एकदाचा, पण रास्पबेरी पाय वेगळ्या सबनेटमध्ये न्यावा लागला

काल रात्री साडेअकराला टीव्हीची पहिली डीएनएस क्वेरी (साइटच्या नावावरून पत्ता विचारणं) पाय-होलच्या, म्हणजे रास्पबेरी पायवर चालणाऱ्या, जाहिराती गाळणाऱ्या डीएनएस सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसली, आणि तीही टीव्हीच्याच आयपीवरून! तीन रात्री गेल्या भो यात.

मागे सांगितलंच होतं, डीएचसीपीतून (राउटर घरातल्या उपकरणांना नेटवर्कची माहिती वाटतो त्यातून) डीएनएस म्हणून पायचा पत्ता दिला तरी टीव्ही ऐकत नाही, थेट गूगलच्या ८.८.८.८ लाच विचारतो. म्हणून राउटरच्या ओपनडब्ल्यूआरटी सिस्टिमवर लॅनमधून (घरच्या नेटवर्कमधून) येणारं पोर्ट ५३ चं, म्हणजे डीएनएसचं, सगळं ट्रॅफिक डीनॅट करून (कुठे जायचं तो पत्ता बदलून) पायकडे, म्हणजे १९२.१६८.१.५ कडे वळवलं. (२२.०३ आवृत्तीपासून तिथला फायरवॉल एनएफटेबल्सवर गेलाय, जुन्या आयपीटेबल्सच्या ओळी पेस्ट करत बसू नका.) रूलचा काउंटर वाढतोय, पायला क्वेरी पोचतेय, पाय उत्तरही देतोय, आणि टीव्ही म्हणतो नेट नाही. पहिली अख्खी रात्र रूलच उलटासुलटा केला. दुसऱ्या दिवशी भुसावळात दुपारभर लाइट नव्हती, रात्री लॅपटॉपवरून डिग (डीएनएस तपासायची कमांड) मारलं तर सरळ लिहून आलं: उत्तर अनएक्स्पेक्टेड सोर्सकडून, हवं होतं ८.८.८.८ कडून, आलं १९२.१६८.१.५ कडून. झालं, सापडलं! टीव्ही आणि पाय एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात), त्यामुळे पाय उत्तर परस्पर टीव्हीला देतो, राउटरच्या कॉनट्रॅकला (चालू कनेक्शनच्या नोंदवहीला) पत्ता परत बदलायला मिळतच नाही आणि टीव्ही ते उत्तर फेकून देतो.

मास्करेड (क्वेरी पाठवणाऱ्याच्या जागी राउटरचा पत्ता टाकणं) लावलं की चालतं, चाललंही. पण मग लॉगमध्ये सगळ्या क्वेरी राउटरच्या नावावर, आईचा फोन कोणता अन् टीव्ही कोणता कळेना. बरेच जण इथंच थांबतात, मला नाही पटत, कोण काय विचारतंय हे बघायलाच तर पाय-होल घेतला.

मग राउटरचं एक पोर्ट वेगळं काढून पाय १९२.१६८.५.२ वर नेला, आता उत्तराला राउटरमधूनच यावं लागतं. तरी गप्प! पायच्या लॉगमध्ये वॉर्निंग, नॉन-लोकल नेटवर्कची क्वेरी दुर्लक्षित. पाय-होल मुळात जवळच्याच सबनेटला उत्तर देतो, ते सेटिंग बदललं. लॅपटॉप लगेच चालला, टीव्ही मात्र जुन्याच वाटेनं, कारण नॅटचा (पत्ता बदलायचा) रूल कनेक्शनचं पहिलंच पॅकेट बघतो, पुढची सगळी कॉनट्रॅकमधल्या नोंदीवर जातात. नोंदी पुसल्या आणि लॉगमध्ये टीव्ही आला. शिवाय पायच्या स्वतःच्या क्वेरी परत पायकडेच फिरू नयेत म्हणून वेगळा रूल लागायचा तोही गेला, पाय आता लॅनमध्येच नाही. हे फार आवडलं मला.

ल्यूसीच्या (ओपनडब्ल्यूआरटीच्या वेब सेटिंगच्या) पानापेक्षा टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारी कमांड) दोन्ही बाजूंनी लावून बघा, माझी पहिली रात्र वाचली असती.

पुढे केळीच्या मळ्यातला कॅमेरा घ्यायचा होता, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की हा रूल आयपीव्ही४ पुरताच लिहिलाय आणि टीव्हीला आयपीव्ही६ पण मिळतंय. एन्क्रिप्टेड डीएनएसचं पोर्ट ८५३ तर बंद करून टाकीन, पण साध्या वेबसाइटच्याच पोर्ट ४४३ वरून जाणारा डीएनएस पोर्टवरून ओळखता येत नाही, त्याला पत्त्यांची यादीच लागेल. कॅमेरा थांबू दे, आज रात्री आधी आयपीव्ही६ वर टीसीपीडंप लावतो.