चौतीस द्या!

आठवडी बाजारात वांगं घेताना बाई दहा वांगी उलटीसुलटी करून पाहते. बॉडी, म्हणजे ब्रा, घेताना मात्र ‘चौतीस द्या’ म्हणते आणि पाकीट सरळ मेथीच्या जुडीखाली सारते. हा चौतीस बहुधा लग्नातल्या खरेदीचा असतो. त्यानंतर दोन लेकरं झाली, वजन बदललं, आकडा तोच.

मापाला शिवणाचा टेप पुरे. श्वास सोडून स्तनांच्या अगदी खालून, पाठीवर टेप आडवा सरळ ठेवून एक माप घ्यायचं. दुसरं स्तनांच्या सगळ्यात भरीव भागावरून, टेप न आवळता. दोन्ही माप पाकिटावरच्या तक्त्याशी ताडायचे, कारण आकडा मोजायची रीत कंपनीगणिक बदलते. ज्या पाकिटावर तक्ताच नाही, ते स्वस्त असलं तरी महागच.

भार पेलते ती खालची पट्टी. खांद्यावरचे पट्टे नुसते साथीला. पट्टी ढिली पडली की बाया पट्टे आवळतात, मग खांद्यावर लाल वळ उठतात आणि मान धरते. नवी बॉडी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे ढिल्या हुकावर घट्ट बसली पाहिजे. रबर सैल होत जाईल तसे आतले हुक कामी येतात. घातल्यावर वलणीवर कपडे टाकल्यासारखे दोन्ही हात वर करा: पट्टी वर सरकली तर ती ढिली. कापूस वेचल्यासारखं वाका: वरून मांस बाहेर आलं तर कप, म्हणजे स्तन मावतो ती वाटी, लहान, कपाला सुरकुत्या पडल्या तर मोठा.

मे महिन्यात स्तनांखालच्या घडीत घाम साचतो. आधी कातडी लाल होते, मग खाज सुटते, मग बुरशी धरते. साधी सुती बॉडी घ्या, वावरातून आल्यावर बदला, घडी टिपून कोरडी करा. लाजेपायी लुगड्याखाली वाळत टाकलेली बॉडी पावसाळ्यात ओलीच राहते आणि तीच सकाळी अंगात जाते! वारा लागेल अशा सावलीत उघडी टाका. मेडिकलमधून विचारून आणलेल्या खाजेच्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग नायटा दुप्पट पसरतो.

तारेच्या किंवा काळ्या बॉडीनं कॅन्सर होतो, ही अफवा. रात्री घालायची की नाही, ही ज्याची त्याची सोय.

गाठ मात्र वेगळी गोष्ट. ‘दुखत नायी, मंग कायले दाखवाचं?’ असं म्हणतात, पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पाळी संपल्यावर स्तन मऊ असतात तेव्हा बोटांच्या पेरांनी काखेपर्यंत चाचपा. गाठ, कातडीला खळगा, बोंडी नव्यानं आत ओढलेली, बोंडीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका. तिशीनंतर सरकारी तपासणीत स्तनांची तपासणीही येते, आणि उपकेंद्रात ती कोणत्या दिवशी होते हे आशाताईला ठाऊक असतं.