रेवदंडा ते रत्नागिरी, जुन्या कॅम्पर व्हॅनने: सेल्फ, अर्थिंग आणि खारा वारा

जुनी कॅम्पर व्हॅन घेऊन सागरी मार्गाने निघणार असाल तर घाटापेक्षा फेरीबोटीची धास्ती ठेवा. घाटात गाडी बंद पडली तर निदान उतार मदतीला असतो. फेरीवर इंजिन बंद करावं लागतं, आणि पलीकडे रॅम्प खाली पडला की मागच्या सगळ्या गाड्यांचं लक्ष तुमच्या सेल्फकडे, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरकडे. या वाटेवर आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार फेऱ्या लागतात.

आमची गाडी जुनी डिझेलची. मागे पलंग, छोटा ओटा, १२ व्होल्टचा फ्रिज. बॅटऱ्या दोन: एक इंजिनाची, दुसरी आतल्या दिवे-पंख्यांची. दिघीला उतरताना सेल्फ जरा जड फिरला. हरिहरेश्वरलाही तेच. हर्णैच्या लिलावात सुरमई मिळाली, त्यामुळे फ्रिज रात्रभर चालू. धोपाव्याच्या रॅम्पवर मात्र किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’. पुढे काही नाही.

“ओ दादा, घ्या की पुढं!” फेरीवरचा माणूस ओरडला. खरं तर अशा वेळी सगळे “बॅटरी उतरली” म्हणून मोकळे होतात. पण हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारला तर दिवे जराही मंदावले नाहीत. ही खूण लक्षात ठेवा. सेल्फ मारताना दिवे पार विझायला आले किंवा टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी कमजोर, नाहीतर तिचे टर्मिनल सैल. दिवे लख्ख आणि एकच टक्, तर बॅटरीत दम आहे, करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. मग उरतात अर्थिंग (इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची करंटची परतीची वाट), सेल्फची जाड वायर, सॉलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा सेल्फच्या आत करंट पोचवणारे कार्बन ब्रश.

बायकोला किल्ली धरायला बसवलं आणि व्होल्ट मोजायच्या मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवली. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टच्या आतच दिसायला हवं. आमचा आकडा चांगलाच वर गेला, म्हणजे गडबड अर्थिंगमध्ये. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघून काळी जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या उघड्या, बिनरंगाच्या बोल्टला लावली, आणि पहिल्या किल्लीत चालू! दुसरी गाडी नको, धक्का नको. जंपर केबलचा हा उपयोग फार कमी लोकांना ठाऊक असतो.

गुहागरच्या वायरमन काकांनी गाडीखाली वाकायच्या आधी ॲक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. “बघा, गरम लागते. करंट वाट शोधतोय.” इंजिन आणि चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मधली तांब्याच्या जाळीची पट्टी वरून शाबूत दिसत होती. बोटाने चिमटली तर आतून हिरवी भुकटी गळाली. काकांनी तिच्या जागी वेल्डिंग केबलचा तुकडा टोकांना लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवला, खालचा रंग काचपेपरने खरवडला, वरून ग्रीस लावलं. बॅटरी बदलायचा विषयसुद्धा काढला नाही. समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीत खारी हवा आधी सांध्यांना धरते, म्हणून हजारो रुपयांची बॅटरी घेण्याआधी अर्थिंग बघाच. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवा; पाणी बॅटरीच्या बुचांत जाऊ देऊ नका. सोडताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

सेल्फ जड फिरण्याचं कोडं मात्र वेगळं निघालं. दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चिकटला होता. इंजिन बंद झालं की तो सुटायला हवा, म्हणजे फ्रिजने फक्त आतली बॅटरी खावी. आमच्याकडे तो दोन्ही खात होता. तपासणी सोपी: रात्री इंजिनाच्या बॅटरीवर मीटर लावा आणि फ्रिज चालू करा. तिथला आकडा खाली आला तर रिले चिकटलाय. रत्नागिरीत नवा मिळेपर्यंत रिलेला जाणाऱ्या वायरीतला फ्यूज काढून ठेवला, काम भागलं.

मीटर घ्याच, साधा चालतो. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना १० च्या खाली घसरली तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळालं पाहिजे. तेवढं येत नसेल तर डायनामो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) काढायच्या आधी त्याचा पट्टा आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला जागं करणारा करंट त्याच बल्बमधून जातो. बल्ब गेला की चार्जिंगही बसतं. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर वेगळी बाब: इंजिनाच्या डिझेल पंपावरच्या स्टॉप सॉलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला) करंट येतोय का ते बघा, नाहीतर डिझेलमध्ये हवा शिरली असेल.

फेरीवर चढताना ओहोटी असेल तर रॅम्प तिरका पडतो आणि लांब शेपटीच्या गाडीचा मागचा बंपर घासतो. तिथल्या माणसाला विचारूनच गाडी घाला. सेल्फचा भरवसा नसेल तर सांगून शेवटी चढा. गावांत दुपारी दुकानं बंद असतात, तेव्हा लग, फ्यूज, जाड वायर आणि रिले जवळ ठेवा. मोठं काम निघालं तर किनाऱ्यावर शोधत बसण्यापेक्षा चिपळूण किंवा रत्नागिरी गाठा.