बत्तीस मीटरच्या आत : आमची वाटचाल

मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या दुकानगाळ्यात आमचं ऑफिस आहे. दोन आर्किटेक्ट, एक स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि महापालिकेच्या फायली सांभाळणारे एक काका. काका रजेवर असले की बाकीच्यांनीही घरी बसायला हरकत नसते. सुरुवातीची वर्षं आम्ही फ्लॅटची इंटिरिअर्स केली, गळक्या गच्च्या दुरुस्त केल्या. मग ३ जानेवारी २००९ ला सहकार खात्याचा कलम ७९-अ खालचा आदेश निघाला. पुनर्विकास करायचा तर सोसायटीनं आधी प्रकल्प सल्लागार नेमायचा, व्यवहार्यता अहवाल घ्यायचा आणि मगच बिल्डर निवडायचा, असा क्रम लागला. तिथून आमच्यासारख्या छोट्या फर्मना काम मिळायला लागलं.

अहवाल वाचायला बसलेली सर्वसाधारण सभा तीनच गोष्टी विचारते : कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) किती वाढणार, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती आणि काम चालू असतानाचं भाडं कधीपासून. नवी इमारत दर महिन्याला किती खाणार, हे कोणी विचारत नसे. आम्ही अहवालात तो रकाना घातला. लिफ्ट, फायर पंप, पार्किंगच्या पोडियमचे एक्झॉस्ट पंखे, गाड्या वर-खाली करणारा स्टॅक, सांडपाणी केंद्र, आणि दहा-बारा वर्षांनी हे सगळं बदलायचा खर्च. आकडा वाचून सभेत शांतता पसरते. तळ अधिक तीनच्या बिनलिफ्टच्या इमारतीत आयुष्य काढलेल्या निवृत्त माणसाला मोठं घर फुकट मिळतं आणि मेंटेनन्स झेपत नाही म्हणून तो ते भाड्यानं देऊन बदलापूरला जातो. शाश्वत वास्तुरचना म्हणजे गच्चीवरचे सोलर पॅनल अशी समजूत असेल त्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आमचा खरा आग्रह मात्र उंचीबद्दल आहे. दाटी आणि उंची या दोन गोष्टी लोक एकच धरून चालतात. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये उपनगरात ९ मीटर रस्त्यावरच्या प्लॉटला प्रीमियम (शुल्क भरून मिळणारं क्षेत्र) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामहक्क) धरून २ एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या दुप्पट बांधकाम. त्यावर ३५ टक्के फंजिबल नावाचं जादा क्षेत्र, म्हणजे एकूण २.७. प्लॉटच्या तीस टक्के जागेवर इमारत उभी केली तर हे सगळं क्षेत्र नऊ मजल्यांत बसतं, खांबांवरचा पार्किंगचा तळमजला (स्टिल्ट) धरूनही ३२ मीटरच्या आत. त्यापुढे गेलं की इमारत नियमानं ‘उंच’ ठरते, अग्निशमनाच्या अटी वाढतात आणि बंबाची गाडी फिरायला जास्त मोकळी जागा सोडावी लागते. तरी बिल्डरला उंची हवी असते, कारण वरचे मजले महाग विकले जातात. त्याच्या धंद्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे. जुन्या सभासदाला त्यात काय मिळतं, हा प्रश्न आम्ही सभेत मांडतो. त्यामुळे काही कामं हातची गेली, काही त्यामुळेच मिळाली.

नव्या मुलांना आम्ही पहिल्या महिन्यात बेलापूरला पाठवतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी १९८३ ते ८६ मध्ये आखलेली वसाहत, आर्टिस्ट्स व्हिलेज. साधारण ६ हेक्टरवर साडेपाचशे कुटुंबं, सगळी घरं बैठी किंवा वर एकच मजला असलेली. सात घरांमागे ८ बाय ८ मीटरचा चौक, तसे तीन गट मिळून बारा मीटरचा मोठा चौक. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्यानं घर वाढवावं. हेक्टरी पाचशे माणसं, तीही जमिनीलगत. आज तिथली बरीच घरं पाडून लोकांनी तीन-तीन मजले चढवलेत. कोरियाभक्तांना त्याचं वाईट वाटतं, मला फारसं नाही. बांधकाम बदललं तरी चौक अजून चौकच आहेत.

उलटं उदाहरण गोवंडीचं. पुनर्वसनाच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. डॉक्टर्स फॉर यू ही स्वयंसेवी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी अशा वसाहतींचा अभ्यास केला आणि खालच्या मजल्यांवरचा उजेड-वाऱ्याचा अभाव व क्षयरोग यांचा संबंध दाखवला. कागदावर ही घरं पक्की, संडास आत, नळ आत. म्हणून आमच्या ऑफिसात प्लॅनच्या आधी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढतात : दोन भिंतींच्या मधल्या फटीतून खालच्या खिडकीला आकाश किती दिसतं, ते त्यात कळतं.

बाकी आमच्या युक्त्या जुन्याच. पश्चिमेला जिना आणि बाथरूम टाकायचे, म्हणजे संध्याकाळचं ऊन त्यांच्या अंगावर. खिडकीवर खरा छज्जा, शोभेची पट्टी नको. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या भिंती, गच्चीवर पांढरा चायना मोझॅक. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं आहे. हा खड्डा बऱ्याच ठिकाणी फक्त ओसीपुरता (वापर परवान्यापुरता) खणला जातो, म्हणून त्याच्या साफसफाईचं वेळापत्रक आम्ही सेक्रेटरींच्या हातात छापून देतो. आणि लिफ्टसमोरची लॉबी जरा रुंद, तिथे उजेड येईल अशी. चाळीची गॅलरी परत आणता येत नाही, पण दोन खुर्च्या मावतील एवढी जागा तरी सोडता येते.

१३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयानं स्वयंपुनर्विकासाला सवलती जाहीर झाल्या आणि आमचं काम थोडं बदललं. बिल्डर नाही, सोसायटी स्वतःच कर्ज काढते, विक्रीची घरं स्वतः विकते. ऐकायला छान आहे. पण कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावे हस्तांतरण, झालेलं नसेल तर जमीनच नावावर नाही, मग कर्ज कुठलं? आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक समितीला आम्ही आधी मानीव अभिहस्तांतरणाच्या (बिल्डर किंवा जमीनमालक टाळत असेल तर सरकारकडून करून घ्यायच्या कन्व्हेयन्सच्या) अर्जाला बसवतो. चित्रं नंतर.

सध्या हातात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन सोसायट्या आहेत. मधली कंपाउंडची भिंत काढली तर दोन्हींची बाजूची पट्टी मिळून चांगलं अंगण होतं, पाण्याची टाकी एक, पंप एक, वॉचमनची केबिन एक. एफएसआय तेवढाच राहतो. हिशेब दोन्ही समित्यांना पटलाय, अडलंय ते नावावर आणि गेटवर. दोघांनाही गेट आपल्याच बाजूला हवं आहे. पुढची सभा गणपतीनंतर.